नऊशे जाहिराती आणि एक ‘अंकुर’

गणपतीच्या आदल्या रविवारी माझी नात आमच्याकडे जेवायला आली ती चेहरा पाडूनच. तिच्या आवडीचे वालाचे बिरडे केले होते, पण तिचे तिकडे लक्षच नव्हते. सौ.ने दोनदा विचारले, तेव्हा पानातला भात चिवडीत तिने सांगून टाकले, “आजी, मी नोकरी सोडतेय.”

ही माझी नात जाहिरातपट काढणाऱ्या एका कंपनीत दिग्दर्शकाची मदतनीस आहे. वय वर्षे सव्वीस. कॉलेजात असल्यापासून तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे, आणि त्या गोष्टीचा तिला चित्रपट काढायचा आहे. सध्या मात्र ती सहा सेकंदांच्या जाहिराती काढते.

“सहा सेकंद, आजोबा! तेवढ्यात तुमची शिंकसुद्धा पुरी होत नाही. आज बिस्किट, उद्या शाम्पू, परवा बँकेचं कर्ज. यात राहिले तर माझ्या हातून चित्रपट कधीच होणार नाही. जाहिरात माणसाला आतून खाते.”

सौ.ने माझ्याकडे पाहिले. हे शेवटचे वाक्य तिने या घरात पूर्वी ऐकलेले होते; माझ्याच तोंडून, आणि एकदा नव्हे.

वाचकहो, मीही त्याच धंद्यातला. १९६८ साली मी मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीत मराठी विभागात चिकटलो आणि २००४ साली तिथूनच निवृत्त झालो. माझे काम सोपे वाटावे असे. इंग्रजीत लिहिलेली जाहिरात मराठीत आणायची. वर्तमानपत्रातली असली तर जागेत बसवायची आणि थिएटरात दाखवायची असली तर वेळेत बसवायची. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. म्हणजे अर्ध्या मिनिटाची जाहिरात पंचेचाळीस फुटांची. पडद्यावरची बाई ओठ मिटायच्या आत माझे मराठी वाक्य संपलेच पाहिजे! त्यासाठी साहेबाने मला एक स्टॉपवॉच दिले होते. छत्तीस वर्षे मी घड्याळ हातात धरून मराठी बोललो.

आणि त्या छत्तीस वर्षांत मी एक कादंबरी लिहिणार होतो. तिची हकीकत पुढे येईलच.

त्या दुपारी मी नातीला उपदेश केला नाही. आजोबांनी उपदेश केला की नातवंडे मोबाइल काढतात, हे मला ठाऊक आहे. मी तिला फक्त एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच जरा नीटनेटकी करून इथे देत आहे.

फोटोग्राफरचा मुलगा

श्याम बेनेगल हे नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे. २०२४ च्या २३ डिसेंबरला ते मुंबईत वारले, तेव्हा नव्वदी पुरी होऊन त्यांना जेमतेम नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ यांची आठवण निघाली, दादासाहेब फाळके पुरस्काराचा उल्लेख झाला, आणि एखाद्या ओळीत असेही आले की चित्रपटांपूर्वी त्यांनी काही वर्षे जाहिरात क्षेत्रात काढली. ती ‘काही वर्षे’ वाचून मी चष्मा काढून ठेवला. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्या दोन शब्दांत काय दडले आहे ते कळते.

बेनेगलांचा जन्म १४ डिसेंबर १९३४ चा, हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादेतल्या तिरुमलगिरीचा. घर कोकणी बोलणाऱ्या चित्रापूर सारस्वतांचे. वडील श्रीधर बेनेगल व्यवसायाने छायाचित्रकार. घरात कॅमेरा होता, आणि घरात जे असते त्यावर पोरे हात टाकतातच. बाराव्या वर्षी या मुलाने वडिलांच्या कॅमेऱ्यावर आपला पहिला छोटा चित्रपट काढला. पुढे उस्मानिया विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केले आणि हैदराबादेत फिल्म सोसायटी काढली.

आता इथे गंमत पाहा. गुरुदत्त हे त्यांचे नात्यातले भाऊ. दोघांच्या आज्या सख्ख्या बहिणी. मुंबईत गुरुदत्तांचे नाव गाजत होते. आपल्यापैकी कोणाच्याही घरी असे नाते असते, तर मुलाची वळकटी बांधून वडिलांनी त्याला थेट स्टुडिओच्या दारात नेऊन सोडले असते. पण हा तरुण १९५९ मध्ये मुंबईत लिंटास कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहायला बसला.

लिंटास म्हणजे लिव्हर कंपनीच्या घरातलीच जाहिरात संस्था. साबण, वनस्पती तूप, दंतमंजन अशा, आपल्या वाणसामानाच्या यादीतल्या वस्तू घराघरांत पोहोचवायच्या हे तिचे काम. तिथे मजकूर लिहिता लिहिता बेनेगल जाहिरातपटांकडे वळले. १९६२ मध्ये त्यांनी ‘घेर बेठा गंगा’ हा पहिला अनुबोधपट केला, तोही गुजराथीत. १९६३ मध्ये ते एएसपी या दुसऱ्या जाहिरात संस्थेत गेले. १९६६ पासून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवलेही. या सगळ्या काळात जाहिरातपट आणि पुरस्कृत अनुबोधपट मिळून त्यांच्या हातून जे काम झाले, त्याचा आकडा नऊशेच्या वर जातो.

“नऊशे?” नातीने घास खाली ठेवला. “माझ्या अजून चाळीस झाल्यात.”

बारा-तेरा वर्षांची वही

आता खरी गोष्ट. हैदराबादेत कॉलेजात असतानाच बेनेगलांनी एक कथा लिहिली होती. त्या भागात घडलेल्या एका खऱ्या घटनेवरून सुचलेली. तिचा चित्रपट करायचा असे त्यांच्या मनाने घेतले. पण निर्माता मिळेना. नट नावाजलेले नाहीत, गाणी नाहीत, नाच नाही, आणि भाषा तिकडची दखनी हिंदी! कोण पैसे घालणार? अशी बारा-तेरा वर्षे गेली. साबण चालला होता, तूप चालले होते, आणि कथा कागदावर होती.

इथे मला सत्यजित राय आठवतात. तेही आमच्याच धंद्यातले. १९४३ पासून कलकत्त्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत ते चित्रकार होते, आणि ‘पथेर पांचाली’ त्यांनी नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवसांत काढला. तो १९५५ मध्ये पडद्यावर आला. म्हणजे जाहिरात कंपनीच्या टेबलावर बसून मनात दुसरेच काही जपणारे बेनेगल पहिले नव्हते.

अखेर पैसे आले कुठून? ऐकून नातीने डोळे विस्फारले. ब्लेझ ही संस्था देशभरच्या थिएटरांत जाहिरातपट पोहोचवण्याचा धंदा करी. मुख्य चित्रपटापूर्वी, प्रेक्षक खुर्च्या शोधत असताना, पडद्यावर जे साबण आणि चहा दिसत, ते असल्या संस्थेमार्फत येत. या ब्लेझनेच ‘अंकुर’साठी पैसे घातले. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे जाहिरातींचा व्यवहार, त्यांना हा माणूस ठाऊक होता. हा दिलेल्या वेळेत काम पुरे करतो आणि दिलेल्या पैशात घर बांधतो, हे त्यांनी पाहिले होते. चित्रपटाच्या धंद्याने तेरा वर्षे जे दिले नाही, ते जाहिरातीच्या धंद्याने दिले!

आणि माणसेही तिथलीच. छायाचित्रण गोविंद निहलानींचे. जाहिरातपटांच्या दिवसांपासून ते बेनेगलांबरोबर होते. संगीत वनराज भाटियांचे. हे भाटिया लंडनच्या रॉयल अकादमीत आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून १९५९ मध्ये परत आले आणि जाहिरातींच्या चाली बांधू लागले. त्यांनी बांधलेल्या जिंगल्सची संख्या हजारांत जाते. गाणीच नसलेल्या ‘अंकुर’ला बेनेगलांनी संगीतकार निवडला तो असा, ज्याला अर्ध्या मिनिटात भाव उभा करता येतो.

‘अंकुर’ १९७४ मध्ये प्रदर्शित झाला. सौ.ला घेऊन मी तो पाहायला गेलो, कारण ऑफिसात बोलवा होती की दिग्दर्शक आपल्या धंद्यातला आहे. मनात थोडी कुत्सित उत्सुकताही होती. साबणवाला काय काढणार ते बघू!

जमीनदाराचा शिकलेला मुलगा शेतावर येतो. घरकाम करणारी लक्ष्मी, तिचा मुका-बहिरा कुंभार नवरा. पुढे काय होते ते तुम्हाला माहीत आहे. शबाना आझमी आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, अनंत नागही. शेवटी मालकाने निरपराध नवऱ्याला चाबकाने फोडून काढले, लक्ष्मीने तळतळाट दिले, सगळे पांगले. आणि एका लहान पोराने दगड उचलून मालकाच्या खिडकीवर भिरकावला. काच फुटली. पोर पळाले. पडदा लाल झाला. संपले!

एक शब्दही जास्त नव्हता. मी थिएटरात बसून मनातल्या मनात घड्याळ लावत होतो. तो दगड किती सेकंदांत आला, किती सेकंदांत गेला! दोन तासांवर चाललेल्या गोष्टीचा सारा अर्थ त्या माणसाने एका लहानशा कृतीत ठेवला होता. हे शिक्षण कुठे झाले ते मला कोणी सांगायला नको होते.

त्या रात्री लोकलमध्ये मी सौ.शी एक अक्षर बोललो नाही. तिला वाटले, माझे डोके दुखते आहे.

दोन रुपयांचे निर्माते

“पण आजोबा,” नात म्हणाली, “जाहिरात म्हणजे कोणीतरी पैसे देणार आणि त्याच्या मनासारखं आपण बोलणार. त्याचं काय?”

प्रश्न रास्त होता. याचे उत्तर ‘मंथन’मध्ये आहे. गुजरातेतल्या सहकारी दूध चळवळीवर बेनेगलांनी आधी अनुबोधपट केले होते. मग त्या विषयावर पूर्ण चित्रपट काढायचा ठरला, तेव्हा वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाख रुपये उभे राहिले. १९७६ मध्ये चित्रपट आला आणि आपल्या पैशांचा चित्रपट पाहायला खेड्यापाड्यांतून ट्रक भरभरून माणसे आली.

आता ज्यांचे पैसे त्यांचीच स्तुती, अशी ही सरळ सरळ जाहिरात व्हायला हवी होती. आमच्याकडे तो विषय आला असता तर काय झाले असते ते मला डोळ्यांसमोर दिसते. हसरी गवळण, भरलेली चरवी, दुधाची मिशी आलेले गुटगुटीत बाळ! पण विजय तेंडुलकरांच्या त्या पटकथेत गावातली जात आहे, सरपंचाचा तोरा आहे, जळलेल्या झोपड्या आहेत. शहरातून आलेला भला डॉक्टर काम अर्धे टाकून परत जातो. सोसायटी चालवायची तर ती गावातल्याच एका तिरसट तरुणाने, असा शेवट. जाहिरातीत अडचण तिसाव्या सेकंदाला सुटते. इथे ती गावकऱ्यांच्या हाती देऊन चित्रपट संपतो. दोन रुपये देणाऱ्याला त्याचे खरे तोंड आरशात दाखवायचे, आणि तरी त्याने ट्रकमध्ये बसून पाहायला यावे! पैसे कोणाचे यावर सारे ठरत नाही, हे मला त्या दिवशी कळले. त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या गोष्टीला एक मिस्कील शेपूटही आहे. ‘मंथन’मधले प्रीती सागर यांनी गायलेले गाणे पुढे अमूलच्याच जाहिरातीत वाजू लागले, आणि ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्याही घरात पोहोचले. जाहिरातीतून निघालेला माणूस चित्रपटाकडे गेला, तर त्याच्या चित्रपटातले गाणे जाहिरातीकडे आले. २०२४ मध्ये हाच ‘मंथन’ नव्याने स्वच्छ करून कान महोत्सवात दाखवण्यात आला.

आपल्या मराठीचे ऋण

मराठी माणसाने बेनेगलांकडे जरा अधिक आपुलकीने पाहावे अशी कारणे आहेत. ‘निशांत’ (१९७५) लिहिला तेंडुलकरांनी. ‘कोंडुरा’ (१९७८) चि. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवरून आला, हिंदीत आणि तेलुगूतही. आणि ‘भूमिका’ (१९७७) तर हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून. ते पुस्तक आमच्या पिढीतल्या बायकांनी उशीखाली ठेवून वाचले आहे. आमच्या सौ.नेही वाचले, आणि मी विचारले तेव्हा ‘कसलंसं चरित्र आहे’ म्हणून कपाटात सरकवले!

त्या ‘भूमिके’साठी निवडलेली मुलगी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असे. आपण साऱ्यांनी स्मिता पाटील बातम्या देताना पाहिली, आणि पुढचा कार्यक्रम कोणता ते पाहत बसलो. बेनेगलांनी तिच्यात अभिनेत्री पाहिली. मुलांसाठी केलेल्या ‘चरणदास चोर’मध्ये (१९७५) तिला आणली आणि दोन वर्षांत ‘भूमिका’ने तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हजार चेहऱ्यांतून नेमका एक उचलायचा, हेही जाहिरातवाल्याचे रोजचेच काम.

पुढची यादी मी नातीला भराभर सांगितली. गोव्यातल्या लोटलीला मारिओ मिरांडांच्या घरात चित्रित झालेला ‘त्रिकाल’ (१९८५), विणकरांवरचा ‘सुस्मन’ (१९८७), नेहरूंच्या ग्रंथावरून केलेली त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’ (१९८८), ‘सूरज का सातवां घोडा’ (१९९२), ‘मम्मो’ (१९९४), ‘झुबेदा’ (२००१), राज्यघटनेची कथा सांगणारी ‘संविधान’ (२०१४). आणि ‘मुजीब’ प्रदर्शित झाला २०२३ मध्ये, तेव्हा दिग्दर्शकाचे वय अठ्ठ्याऐंशी होते.

“‘अंकुर’ आला तेव्हा किती होतं?” नातीने विचारले.

“एकोणचाळीस.”

ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. सव्वीसातून एकोणचाळीस वजा करता येत नाहीत, पण उलटे करता येतात.

बेचाळिसावे पान

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मला सकाळपासून धास्ती होती. “आणि तुमच्या कादंबरीचं काय झालं, आजोबा?”

मी उठलो आणि कपाटाच्या तळातून ती वही काढून आणली. पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. आमच्या गावच्या खाडीवरच्या तरीवाल्याची गोष्ट. खाडीवर पूल झाला आणि त्याची होडी कायमची काठाला लागली. एकेचाळीस पाने लिहिलेली. शेवटच्या पानावर तारीख १९७१ च्या ऑक्टोबरातली. बेचाळिसाव्या पानावर सौ.च्या हातची यादी: रवा दोन किलो, पिठीसाखर, सुके खोबरे, डालडा, उटणे. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची, १९७२ ची. जवळ कागद सापडेना म्हणून तिने त्या वहीत लिहिले होते, आणि वही इतके दिवस मिटलेली होती की मला ते कळायलाही काही वर्षे लागली.

“जाहिरातीने खाल्लं,” मी सवयीने म्हणालो.

“अहो, सहाला सुटत होतात,” सौ. म्हणाली. “साडेसातला घरी. आठ ते अकरा पत्ते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला ते लागले. बेनेगलांच्या निधनाची बातमी वाचून चष्मा का काढून ठेवला होता, ते त्या क्षणी मला स्वतःशी कबूल करावे लागले. त्यांच्याही हातात स्टॉपवॉच होते आणि माझ्याही. त्यांनी ते तेरा वर्षे शाळेसारखे वापरले. मी छत्तीस वर्षे सबबीसारखे.

मधल्या वेळात नात वही वाचत होती. तिने सगळी एकेचाळीस पाने वाचली. चहा थंड झाला तरी वाचली. मग पेन्सिल घेऊन म्हणाली, “आजोबा, पहिली सात पानं काढून टाका.”

“सात? अगं, त्यात सगळं निसर्गवर्णन आहे! खाडी, भरती, माडांच्या सावल्या...”

“हो, पण गोष्ट आठव्या पानावर सुरू होते. पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी तरीवाला स्वतःच गावाला पेढे वाटतो, तिथे. तिथेच सुरू करा. पेढा हातात, मागे पूल, काठाला होडी. बाकीचं आपोआप कळतं.”

मी आठवे पान वाचले. पोरीचे म्हणणे बरोबर होते. पन्नास वर्षांहून अधिक काळ मला जे दिसले नाही, ते तिला एका वाचनात दिसले. आणि ते तिला कोणी शिकवले? सहा सेकंदांनी!

मी तसे म्हणालो मात्र नाही. तिचे तिलाच कळले असावे. कारण ती एकदम गप्प झाली आणि मग तिने थंड झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

नोकरी तिने अजून सोडलेली नाही. सोडील किंवा न सोडील. तो तिचा प्रश्न आहे. पण रविवारी दुपारी ती आमच्याकडे येते आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तिची गोष्ट लिहिते. समोरच्या बाजूला मी बसतो. सात पाने मी फाडली. एकेक फाडताना जिवावर आले, पण फाडली.

बेचाळिसावे पान तेवढे सौ.ने फाडू दिले नाही. तिचे म्हणणे, यंदाच्या फराळाचे सामान आणताना तीच यादी चालेल, फक्त डालडा खोडायचा. म्हणून ते पान तसेच ठेवून मी त्रेचाळिसाव्यावर सुरुवात केली आहे. हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा, सारे सुरळीत असले तर, तरीवाला पूल ओलांडून पलीकडे पोहोचलेला असेल.